पटासमोरच्या पाटीवर आधी काय लिहायचं: नाव की आडनाव?

पटनिवेदिका

नमस्कार मंडळी. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धांमध्ये मी निवेदन करते. फेरी सुरू होण्याआधी वरच्या पटांवरच्या खेळाडूंची ओळख करून द्यायची, समालोचनाच्या खोलीतून मध्येच माइक हातात आला तर चार वाक्यं बोलायची आणि शेवटी बक्षीस समारंभ निभावायचा, असं माझं काम. या वेळी नावांच्या पाट्याही माझ्याच गळ्यात पडल्या आहेत. पटाशेजारी दुमडलेल्या जाड कागदाची पाटी ठेवतात ना, ती. एका अंगाला रोमन अक्षरांत नाव, दुसऱ्या अंगाला देवनागरीत.

संयोजकांचा हुकूम एका ओळीचा आहे: "आधी नाव, मग आडनाव. सगळ्यांचं सारखं दिसलं पाहिजे." यादी उघडली आणि पहिल्याच पानावर अडले.

आमच्या खेळाडूंची यादी इथे टाकत नाही, सगळ्यांच्या ओळखीच्या नावांवरून अडचण सांगते. 'डिंग लिरेन' यात डिंग हे आडनाव. मग हुकुमाप्रमाणे 'लिरेन डिंग' लिहायचं? त्यांच्या घरी, त्यांच्या देशात त्यांना असं कुणीच म्हणत नाही. 'विश्वनाथन आनंद' आहे तसंच ठेवावं असं वाटतं, पण विश्वनाथन हे वडिलांचं नाव. म्हणजे इथे 'आधी नाव' कुठे आलं? पेंटाला हरिकृष्ण आणि कोनेरू हंपी ही दोन्ही तेलुगू नावं, दोन्हींत घराण्याचं नाव आधी. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत मात्र एक 'हरिकृष्ण, पेंटाला' आणि दुसरी 'कोनेरू, हंपी'. स्वल्पविरामाच्या आधी एकाचं स्वतःचं नाव आहे आणि दुसरीच्या घराण्याचं. या सगळ्यावर कडी म्हणजे विदित संतोष गुजराथी. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, इतकं आपल्या वळणाचं सरळ नाव. तिथे यादीत 'विदित' नंतर स्वल्पविराम मारलाय. म्हणजे यादीच्या हिशेबाने विदित हे आडनाव आणि 'संतोष गुजराथी' हे पाळण्यातलं नाव!

तर पाटीवर क्रम कोणता ठेवू? माइकवर एकदा पूर्ण नाव घेतल्यावर पुढे कोणत्या भागाने उल्लेख करू? आणि समोरासमोर बसलेल्या दोघांची ओळख करून देताना आधी कुणाचं नाव घ्यायचं? जास्त मानांकन असलेल्याचं, वयाने मोठ्याचं की आणखी काही?

"एकेकाला विचारून घ्या" हे उत्तर मलाही सुचलंय. पण बरेच जण पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री उशिरा पोचतात आणि तोवर पाट्या छापून झालेल्या असतात.

घोडाअडीच

'सगळ्यांचं सारखं' म्हणणाऱ्या संयोजकांना विचारा, पटावर सगळी मोहरी सारखीच ठेवायची का?

2024 ची सिंगापूरची जगज्जेतेपदाची लढत आठवा. 14 डाव चालली. एका बाजूला डिंग, दुसऱ्या बाजूला गुकेश, आणि सगळं जग हेच दोन शब्द वापरत होतं. एकाचं आडनाव, दुसऱ्याचं स्वतःचं नाव. त्यात कुणाला काही खटकलं नाही. 'लिरेन विरुद्ध डोम्माराजू' असं कुणी लिहिलं असतं तर मला आधी वाटलं असतं की दुसऱ्याच कुठल्या तरी स्पर्धेची बातमी आहे.

माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते, त्याच क्रमाने, पाटीवर. विषय संपला.

अवांतर: परदेशी खेळाडू आनंदला 'विशी' म्हणतात. लाडाचं नाव पडलं तेही वडिलांच्या नावावरून. त्यांनी ते हसत चालवून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा.

सूचीघर

निवेदिकाताई, बुद्धिबळात मला प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं यापलीकडे गती नाही. पण ग्रंथालयात तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या सूचीतल्या नोंदी, करण्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि तुम्हाला जो प्रश्न पाट्यांवर पडलाय तो आम्हाला प्रत्येक तालिकापत्रावर पडायचा. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. नाव कोणत्या क्रमाने म्हणतात हा एक. यादीत ते कोणत्या भागाखाली लावायचं हा दुसरा. आणि माणसाला हाक कोणत्या भागाने मारायची हा तिसरा. इंग्रजी वळणाच्या नावात हे तिन्ही इतके जुळून येतात की ते वेगळे आहेत हेच लक्षात येत नाही: शेवटचा शब्द आडनाव, यादीत त्याखाली, आणि 'मिस्टर' लावायचं तेही त्यालाच. बाकी जगात ही सांगड ठिकठिकाणी सुटते.

तुमच्याच खेळातलं घेऊ. व्हिएतनामचा ले क्वांग लिएम, 2013 मध्ये अतिजलद प्रकारात जगज्जेता झालेला. ले हे घराण्याचं नाव, ते आधी येतं. म्हणजे क्रम चिनी नावासारखाच. पण चिनी माणसाला आदराने संबोधताना आडनावाला मान जोडतात आणि व्हिएतनाममध्ये शेवटच्या, स्वतःच्या नावाला. तिथे तो 'श्रीयुत लिएम', 'श्रीयुत ले' नव्हे. व्हिएतनाममध्ये आडनावं मोजकी आणि माणसं अफाट, न्गुयेन म्हणून हाक मारली तर अर्धं सभागृह वळून पाहील. म्हणजे डिंग आणि लिएम यांचा क्रम एक, पण माइकवर पहिल्याचा पहिला शब्द घ्यायचा आणि दुसऱ्याचा शेवटचा. तुमच्या संयोजकांचा एकओळी नियम इथेच कोसळतो.

आईसलँडचं त्याहून वेगळं. फ्रिड्रिक ओलाफसन हे ग्रँडमास्टर 1978 ते 1982 फिडेचे अध्यक्ष होते. ओलाफसन म्हणजे ओलाफचा मुलगा, एवढंच. ते आडनाव नाहीच, पुढच्या पिढीत ते बदलतं. क्रम इंग्रजीसारखा दिसतो म्हणून आपण फसतो, पण त्यांच्या देशात त्यांचा उल्लेख 'फ्रिड्रिक' असाच होणार, आणि तिथली दूरध्वनी पुस्तिकासुद्धा स्वतःच्या नावानेच लावलेली असायची. आमच्या तालिकेच्या नियमांतही आईसलँडच्या माणसाची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाखाली करायची असं स्पष्ट सांगितलेलं होतं. विश्वनाथन आनंद यांचंही पाहा. तमिळ पद्धतीत वडिलांचं नाव आधी, बहुतेकदा फक्त आद्याक्षरापुरतं, आणि मग स्वतःचं. आर. प्रज्ञानंद आणि आर. वैशाली या भावंडांचा 'आर' एकच, कारण वडील एकच, रमेशबाबू. तिथे 'आनंद' हीच हाक, हीच नोंद. 'श्री. विश्वनाथन' म्हटलंत तर तुम्ही त्यांच्या वडिलांना व्यासपीठावर बोलावताय.

स्पॅनिश नावांपाशी नवखा तालिकाकार हमखास अडखळायचा. कापाब्लांका तुम्हाला ठाऊक असणारच, 1921 ते 1927 जगज्जेते. पूर्ण नाव होझे राऊल कापाब्लांका इ ग्राउपेरा. कापाब्लांका वडिलांकडचं, ग्राउपेरा आईकडचं. दोन आडनावं, त्यातलं पहिलं महत्त्वाचं. म्हणून आजच्या लेनियर डोमिंगेझ पेरेझला 'पेरेझ' म्हणायचं नाही, डोमिंगेझ म्हणायचं. पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये नेमकं उलट. तिथे आईकडचं आधी, वडिलांकडचं शेवटी, आणि नोंद शेवटच्याखाली. दोन शेजारी भाषा, नावं कानाला सारखी, नियम विरुद्ध. स्पेनमध्ये तर 2017 पासून बाळाच्या नोंदणीवेळी कोणतं आडनाव आधी हे आईबापांनी ठरवून सांगायचं असतं, वडिलांचं आपोआप पुढे जात नाही.

रशियन नाव मात्र मराठी माणसाला लगेच उमगावं. गॅरी किमोविच कास्पारोव: स्वतःचं, वडिलांच्या नावावरून आलेलं, आडनाव. आणि त्यांच्या कार्यालयीन याद्यांत ते आडनाव, नाव, पितृनाम असं लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. फरक हाकेत आहे. मान द्यायचा तर ते आडनाव गाळून 'गॅरी किमोविच' म्हणतात. आपण कुणाला आदराने 'अहो विदित संतोष' म्हणू का?

आता स्वल्पविराम. तो शोभेचा नसतो. नाव मुळात ज्या क्रमाने म्हणतात तो क्रम यादीसाठी फिरवला की फिरवल्याची खूण म्हणून तो टाकायचा. 'कार्लसन, मॅग्नस' म्हणजे म्हणताना मॅग्नस कार्लसन. 'डिंग लिरेन' मध्ये फिरवलेलं काहीच नाही, आडनाव जागच्या जागी आधी आहे, म्हणून तिथे खरं तर स्वल्पविराम नको. पण संगणकाच्या तक्त्यात दोन रकाने असले की तो सरसकट पडतो, आणि मग वाचणारा प्रामाणिकपणे ते उलटं करून 'लिरेन डिंग' म्हणतो. तुम्हाला विदितच्या नावात दिसलेली गंमत हीच असावी. ज्या भागाने ओळखतात तो पहिल्या रकान्यात गेला, उरलेलं सगळं दुसऱ्यात. हरिकृष्णचंही तसंच. ती यादी 'हा शब्द आडनाव आहे' असं सांगतच नाहीये. 'या शब्दाखाली शोधा' एवढंच सांगतेय. त्या अर्थाने ती बरोबर आहे, फक्त ती पाटीसाठी केलेली नाही.

म्हणून पाटीवर माझ्या मते नावाच्या धन्याचा स्वतःचा क्रम ठेवा, स्वल्पविराम मुळीच नको, आणि हाकेचा भाग ठळक करा. रोमन बाजूला तो भाग सगळा मोठ्या अक्षरांत छापता येतो, बरेच आंतरराष्ट्रीय तक्ते आडनाव तसंच छापतात. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे ठळक टाइप किंवा दुसरा रंग हाच उपाय. अधोरेखा टाळा, खालचे उकार तिच्यात बुडतात. 'गुकेश' मधला गु दुरून वाचायचा असतो.

कात्री_लेखणी

सूचीघरकाका, वाचायला मजा आली, पण मी उलट बाजूने बोलते. मी क्रीडा पानावर उपसंपादक होते. एकसारखेपणाची टिंगल करणं सोपं आहे, वाचकाच्या जागी बसून पाहा. सभागृहात बसलेल्या पालकाला व्हिएतनामी आणि चिनी नावांतला फरक माहीत नाही, आणि तो माहीत असावा अशी अपेक्षाही चुकीची. त्याला एकच कळतं: पाटीवर एक नाव आहे, पडद्यावर दुसऱ्या क्रमाने तेच नाव आहे आणि निवेदिका तिसरंच काही म्हणतेय. प्रत्येकाचा आपापला क्रम राखताना निदान हे तिन्ही जागी जुळलं पाहिजे. संयोजकांना बहुधा तेच म्हणायचं असावं, नीट सांगता आलं नाही इतकंच.

दुसरं असं की, ज्याच्या देशात आडनाव आधी येतं त्याला बाहेरही तोच क्रम हवा असेल असं गृहीत धरू नका. हंगेरीत पोल्गार युडिट म्हणतात, तिथे आडनावच आधी. पण हंगेरीची माणसं परदेशात स्वतःच क्रम फिरवतात आणि युडिट पोल्गार म्हणूनच जगभर वावरतात. तिथे मी हंगेरियन क्रमाचा आग्रह धरला तर वाचकाला उगाच कोडं घातल्यासारखं होतं. जपानमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रोमन लिपीत नाव उलटं करायची सवय रुजली होती. ती त्यांनी सोडायची ठरवली. 1 जानेवारी 2020 पासून जपानच्या सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी. त्याआधी 2019 मध्ये तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांनी परदेशी माध्यमांना पंतप्रधानांचं नाव 'आबे शिंझो' असं लिहायला सांगितलं होतं. मराठीत मात्र आपण अजूनही 'शिंझो आबे' असंच लिहितो. कारण आपण ते नाव थेट जपानकडून घेतलेलंच नाही, इंग्रजी वृत्तसंस्थेच्या तारेतून घेतलेलं आहे. माझा खरा राग यावर आहे. देवनागरी लिहायला बसल्यावर निदान रोमन तक्त्याची गुलामी तरी नको.

आणि या सगळ्या उत्साहात हिकारू नाकामुराला 'नाकामुरा हिकारू' करू नका. तो अमेरिकेचा खेळाडू, स्वतःचं नाव आधी लिहितो. वेस्ली सो मध्ये 'सो' हे आडनाव आहे, शब्द लहान आहे म्हणून ते मधलं नाव समजू नये. वंश बघून क्रम ठरवायचा नसतो, माणूस स्वतः काय लिहितो ते बघायचं.

बातमीत आम्ही पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव देतो आणि पुढे एकच भाग. मथळ्यात तर जागाच एका शब्दाची. तिथे कार्लसन, डिंग, आनंद, गुकेश, हंपी, दिव्या, अशी सरमिसळ सर्रास होते. एक गोष्ट मात्र मला टोचायची. पुरुष खेळाडू आडनावाने आणि बायका पहिल्या नावाने, असं नकळत होत जातं. हंपीचं ठीक, तेलुगूत तीच हाक. पण महाराष्ट्राची मुलगी असेल तर दिव्या का आणि देशमुख का नाही, याचं उत्तर मथळा लिहिणाऱ्याकडे नसतं. माइकवर असताना एवढं जपा.

सूचीघर

कात्रीताई, शेवटचा मुद्दा अगदी पटला. त्यातच भर: लग्नानंतर नाव बदललेल्या खेळाडूंच्या बाबतीत जुने तक्ते वाचताना 'भाग्यश्री साठे' आणि 'भाग्यश्री ठिपसे' या दोघी वेगळ्या वाटतात. तालिकेत आम्ही अशा वेळी दोन पत्रं करायचो, एकावर सगळी नोंद आणि दुसऱ्यावर फक्त 'पाहा'. निवेदनात 'पूर्वाश्रमीच्या' म्हणायचं की नाही हे त्या व्यक्तीवर सोडावं. गरज नसेल तर नकोच.

हंगेरीबद्दल सहमत. मी 'धन्याचा स्वतःचा क्रम' म्हणालो तो याच अर्थाने: त्याने बाहेर वावरताना निवडलेला, त्याच्या देशाचा सरासरी नव्हे.

पंचाचं_टेबल

मी पंच आहे, कामाचं तेवढं सांगतो.

जोड्या लावायच्या संगणक प्रणालीत नावं फिडेच्या यादीतून जशी आली तशीच राहू द्या. तिथे हात लावू नका. नावांचं सौंदर्य सुधारायच्या नादात कुणीतरी तिथे क्रम बदलतं आणि मग भिंतीवरच्या जोड्यांच्या कागदावर खेळाडूला स्वतःचं नाव सापडत नाही. निकाल मानांकनासाठी जातो तो फिडे क्रमांकावर, त्यामुळे तिथलं नाव कसं दिसतं याने कुणाचं नुकसान होत नाही. पाटीसाठी तीच यादी वेगळ्या तक्त्यात उतरवा आणि शेजारी तीन रकाने वाढवा: पाटीवरचं नाव, हाकेचा भाग, उच्चार. उच्चाराचा रकाना देवनागरीत ठेवा. निदान त्या कामाला आपली लिपी रोमनपेक्षा कितीतरी पुढे आहे.

आदल्या रात्री पोचणाऱ्यांचं म्हणाल तर नोंदणीच्या अर्जातच एक ओळ घाला: "पाटीवर तुमचं नाव कसं छापावं?" आडनाव कोणतं, पहिलं नाव कोणतं, असं विचारू नका. त्या दोन चौकोनांनीच हा घोळ झालाय. एकच लांब चौकोन द्या. अर्ज निघून गेले असतील तर खेळाडूच्या स्वतःच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर तो कसं लिहितो ते पाहा.

दोघांत आधी कुणाचं नाव, याला बुद्धिबळात ठरलेलं उत्तर आहे. पांढरी मोहरी ज्याची त्याचं आधी. जोड्यांच्या कागदावर तसंच असतं, डावाच्या नोंदीवर तसंच असतं, 'गुकेश–डिंग' असं छापलं तर गुकेश पांढऱ्याने खेळला असाच अर्थ निघतो. तुम्ही मानाप्रमाणे क्रम लावलात तर ऐकणारा जाणकार चुकीच्या बाजूला बघेल. मान द्यायचा तो 'ग्रँडमास्टर' या किताबाने द्या, आणि तो नावाच्या आधी. बक्षीस समारंभात अर्थात खालच्या क्रमांकापासून वर.

अवांतर: महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लागलाय. ती पोरं लवकरच सात वर्षांखालच्या गटात येतील. पाटीची लांबी आत्ताच वाढवून ठेवा.

घोडाअडीच

पंचसाहेब, त्या चार भागांत स्वल्पविराम कुठे टाकायचा हे फिडेला कोण सांगणार? 😄

पटनिवेदिका

खूप खूप आभार सगळ्यांचे. संयोजकांशी बोलले. 'सगळ्यांचं सारखं' याचा अर्थ त्यांच्या मनात टाइप आणि आकार सारखा असाच होता, असं आता ते म्हणतात. असो. पाटीवर प्रत्येकाचा स्वतःचा क्रम, हाकेचा भाग ठळक, पडद्यावरही तेच नाव. पंचसाहेबांचा तीन रकान्यांचा तक्ता करायला घेतलाय.

पण दोन गोष्टी उरल्याच. एका खेळाडूचं नाव एकाच शब्दाचं आहे, आणि आलेल्या कागदांत तोच शब्द दोनदा छापलाय. दुसरं म्हणजे, उद्घाटनाला पाहुणे येतील तेव्हा पहिल्या पटावरच्या खेळाडूंची त्यांना ओळख करून द्यायची आहे. पाहुण्यांना खेळाडूचं नाव आधी सांगायचं की खेळाडूला पाहुण्यांचं?

सूचीघर

एकशब्दी नाव एकदाच लिहा. इंडोनेशियाचे पहिले दोन्ही राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एकाच शब्दाचे होते आणि त्यांच्या नावात काहीही कमी नव्हतं. कागदांवर शब्द दोनदा येतो तो अर्जातला रिकामा चौकोन भरण्यासाठी. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात त्यांत आधी मुख्य नाव, मग दोन बाणखुणा, मग उरलेलं, असा साचा ठरलेला आहे. तिथे एकच नाव असलं तर ते पहिल्या जागी जातं आणि दुसरी जागा रिकामी राहिली तरी चालतं. पण तिथून पुढे ज्या ज्या अर्जात ते नाव भरावं लागतं तिथे रिकामं चालत नाही. अमेरिकी व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव अज्ञात) अशी तीन अक्षरं छापतात. तुमच्या यादीत कुणी 'एफएनयू' नावाचं दिसलं तर ते पाटीवर चढवू नका, ते नाव नव्हे.

उलटही होतं. नावाचा भाग नसलेला मानाचा शब्द नाव समजून छापला जातो. 1961 ते 1971 संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले ऊ थांट यांचं नाव फक्त थांट. 'ऊ' हा ब्रह्मदेशातला मानाचा शब्द, आपल्या 'श्री' सारखा. तेव्हा 'श्री. ऊ थांट' म्हणजे दोनदा श्री. इंग्रजी 'सर' ची खोड वेगळी: तो किताब नेहमी पहिल्या नावाला लागतो. 'सर आयझॅक' चालतं, 'सर न्यूटन' चालत नाही. पाहुण्यांत कुणी असे असतील तर लक्षात असू द्या.

ओळख करून देताना ज्याला मान द्यायचा त्याला आधी संबोधायचं आणि दुसऱ्याची ओळख त्याला करून द्यायची. म्हणजे "पाहुणेसाहेब, हे ग्रँडमास्टर अमुक". पाहुण्यांचं नाव त्याच्यानंतर खेळाडूला. मानाची व्यक्ती आधी ऐकते, एवढं धरून चाललं की बाकी आपोआप बसतं. खेळाडू जगज्जेता असेल आणि पाहुणे मला-तुम्हाला कुणालाच माहीत नसतील, तर काय करायचं हे मात्र तुमच्या संयोजकांना विचारा. तालिकेत त्याला नियम नव्हता.

पंचाचं_टेबल

आणि तो उच्चारांचा रकाना छापून एक प्रत आमच्या टेबलावर द्या. दुसऱ्या फेरीपासून खेळाडूंना आम्हालाही हाक मारावी लागते. पाट्यांचा कोरा कागद आणि एक जाड पेन सोबत ठेवा. खेळाडू आला आणि म्हणाला "असं नाही, तसं", तर वाद न घालता नवीन पाटी लिहून ठेवायची.

पटनिवेदिका

पेन काळंच ना? ठळक भागाला निळं चालेल?

पंचाचं_टेबल

निळं चालेल. लाल नको, लाल शाई आमच्या कागदांवर दुरुस्तीसाठी असते.